आलेसयाउरे ते सेल्का: एका दिवसात २५ किलोमीटर

स्वीडनच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, आबिस्कोपासून कुंग्सलेदेन नावाची पायवाट सुरू होते. ती ४०० किलोमीटरहून जास्त चालून हेमावानला संपते. उत्तरेकडच्या भागात साधारण एका दिवसाच्या चालीवर एकेक निवारा आहे. मधे रस्ता नाही, गाव नाही, मोबाइलला रेंज नाही. ऑगस्टची सुरुवात होती आणि माझा तिसरा दिवस.

आलेसयाउरे, चेक्चा आणि सेल्का हे त्यातलेच तीन निवारे. आलेसयाउरे ते चेक्चा १३ किलोमीटर, तिथून खिंड ओलांडून सेल्का १२. अनेकजण चेक्चाला मुक्काम करतात. पण परवा खिंडीत जोराचा वारा असेल, असं निवाऱ्यातल्या फलकावर लिहिलं होतं, म्हणून मी एका दमात जायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी सेल्काहून आलेल्या एक वयस्क बाई चुलीपाशी मोजे वाळत घालत होत्या. त्या म्हणाल्या, "चेक्चानंतर वेळ दुप्पट धर." मी मान डोलावली, पण हिशेबात काही ते धरलं नाही.

सकाळी निघण्याआधी खोली झाडली, ओढ्यावरून पाण्याच्या बादल्या भरून आणल्या, थोडी लाकडं फोडून ठेवली. तिथे नळ नाही, वीज नाही. मागून येणाऱ्यासाठी एवढं प्रत्येकजण करतो. सहाला बाहेर पडलो तेव्हा तळ्यावर दाट धुकं होतं.

पहिली चूक तिथेच झाली. उंच खांबांवर लाल फुल्या दिसत होत्या, त्या धरून मी चालत राहिलो. त्या फुल्या हिवाळ्यातल्या वाटेच्या. बर्फावरून स्कीने जाणाऱ्यांना दलदल आणि तळी आडवी येत नाहीत, मला आली. डावा पाय नडगीपर्यंत चिखलात रुतला. उन्हाळ्यातली वाट दगडांवरच्या लाल रंगाच्या खुणांनी दाखवलेली असते, हे वाचलेलं होतं. धुक्यात डोळ्यांना जे उंच दिसलं त्यामागे गेलो. शेवटची रंगवलेली खूण जिथे पाहिली होती तिथपर्यंत मागे आलो. पाऊण तास गेला.

पुढे चेक्चापर्यंत विशेष काही नाही. ओल्या जागी फळ्या टाकलेल्या आहेत, पाणी ओढ्याचंच प्यायचं. दूरवर रेनडिअरचा कळप दिसला.

चेक्चाचा निवारा सुमारे १,००० मीटरवर आहे आणि खिंड १,१५० मीटरवर. चढ म्हणाल तर काहीच नाही. पण वाट धोंड्यांतून जाते, आणि धोंडे हलतात. प्रत्येक पाऊल आधी टेकवून बघायचं, मग भार द्यायचा. काठी दोनदा फटीत अडकली. दुसऱ्यांदा मी जोरात ओढली आणि तोल जाऊन गुडघ्यावर पडलो. खरचटण्यापलीकडे काही नव्हतं, पण बराच वेळ तसाच बसून राहिलो. इथे घोटा मुरगळला तर मदत मागायलासुद्धा निवाऱ्यापर्यंत चालावं लागेल, हे तेव्हा नीट कळलं. त्यानंतर घड्याळ बघणं सोडलं. खिंडीजवळ बर्फाचा एक पट्टा अजून वितळला नव्हता. कडेचा बर्फ खालून पोकळ असतो, म्हणून लांबून वळसा घेतला.

खिंडीत एक छोटी लाकडी खोली आहे, वाऱ्यापासून आडोशाला. रात्र काढायची ती फक्त अडचणीत सापडलात तर. दार लावून घेतल्यावर एकदम शांत झालं. ओले मोजे बदलले, खाऊन घेतलं. बाहेर आलो तर दक्षिणेकडे ढग वर उचलले गेले होते, आणि हिमनदीने कोरलेली ती रुंद दरी टोकापर्यंत उघडी पडली होती. इतकं मोठं आणि इतकं रिकामं मी आजवर पाहिलं नव्हतं. गळा भरून आला.

उताराचा पहिला तुकडा तीव्र, गुडघ्यांवर येणारा. नंतर दरीतून सपाट चाल, पण पाय उचलतच नव्हते.

सेल्काला पोचायला संध्याकाळचे सात वाजले. निवाऱ्याची काळजीवाहू दारातच होती. तिने पाण्याचा पेला पुढे केला आणि पहिला प्रश्न विचारला, "वर वारा कसा आहे?" आतल्या टेबलावर उद्या उत्तरेकडे जाणारे चौघे बसले होते. मी बूट काढायच्या आधीच त्यांनी नकाशा पसरला. बर्फाचा पट्टा कुठे आहे आणि फुल्यांची वाट दलदलीकडे कुठून फुटते, ते मी बोटाने दाखवलं. त्यांच्यातल्या एकाने पेन्सिलीने खूण केली. चेक्चाच्या अलीकडच्या धोंड्यांना किती वेळ लागतो, हेही त्याने विचारलं. दुप्पट धरा, मी म्हणालो.