फ्रीजरमधला दगड

गेल्या महिन्यात एका दुपारी फ्रीजर उघडला आणि पायावर दगड पडला. दगड म्हणजे स्ट्रॉबेरीची पिशवी, चांगली दीड-दोन किलोची, बर्फाने पांढरी झालेली, आणि कधीची ते देव जाणे, कारण पिशवीवर तारीख लिहायची सवय मला नाहीच. मागे अजून तीन होत्या, एकीत चेरी, बाकीच्या दोन्हींत काय ते वितळल्याशिवाय कळणार नव्हतं. फळ जास्त झालं की मी टाकत नाही, गोठवते. नवरा म्हणतो तू टाकणं लांबणीवर टाकतेस.

तर पाय चोळत चोळत ठरवलं, मीड करायची. मधाची वाईन. आणि गंमत म्हणजे गोठवलेलं फळच याला बरं, बर्फाचे स्फटिक पेशी आतून फाडून ठेवतात, त्यामुळे वितळलं की आपोआप गळून रस सुटतो, ठेचायचे कष्ट वाचतात. म्हणजे माझा आळस अगदीच वाया गेला नाही. दीड किलो मध कोमट पाण्यात ढवळला, उकळला नाही, उकळला की मधाचा वास उडून जातो, एकूण पाच लिटर केलं, फळ जाळीच्या पिशवीत घालून आत सोडलं, यीस्ट आणि यीस्टचं खाद्य टाकलं. मध एवढा गोड पण यीस्टला लागणारा नायट्रोजन त्यात नावालाच, नुसत्या मधावर ते बिचारं कुथत बसतं. हायड्रोमीटर, म्हणजे पाण्यात साखर किती ते सांगणारी काचेची नळी, १.०९० वर तरंगला, म्हणजे साखर भरपूर.

मग झाकणाला एअरलॉक लावला, म्हणजे यीस्ट साखर खाऊन जो वायू सोडतं तो बुडबुड्यांनी बाहेर जाऊ देणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी पाण्याची नळी. हे मी कधीही विसरत नाही, त्याला कारण आहे.

लहानपणी एकदा आईने उरलेला द्राक्षाचा रस काचेच्या बाटलीत भरून बूच गच्च बसवून कपाटात मागे ठेवला आणि विसरली. (हा टाकायचं नाही वाला रोग कुठून आला ते कळलं असेलच.) यीस्ट कोणी घातलं नव्हतं, ते सालीवर असतंच. काही दिवसांनी मध्यरात्री स्वयंपाकघरात ठाप्प असा आवाज झाला, बाबा काठी घेऊन पुढे, आई टॉर्च घेऊन मागे, आणि मी आईचा पदर धरून. चोर नव्हता. कपाटाचं दार सताड उघडं, छताला जांभळा फराटा आणि त्यातून एकेक थेंब बाबांच्या टकलावर. बाबांनी बोटाने पुसून चाटलं, जरा थांबले, परत चाटलं, आणि म्हणाले, वाईट नाहीये. आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तो डाग पुढे रंगकाम होईपर्यंत छतावर होता आणि मला त्यात घोडा दिसायचा.

असो. दुसऱ्या दिवशी एअरलॉकमध्ये पहिला बुडबुडा, टुप. मग टुप, टुप. सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून फळ खाली दाबायचं, वर कोरडं राहिलं की बुरशी धरते. रात्री दिवे बंद केल्यावर मी दोन टुपमधले सेकंद मोजत बसायचे, नवऱ्याने कूस बदलून विचारलं, चोर आहे का? त्याला हा किस्सा शंभर वेळा सांगून झालाय.

बारा दिवसांनी पिशवी बाहेर काढली. पाणी लालभडक आणि स्ट्रॉबेऱ्या पांढऱ्याफटक, रंग गेला, वास गेला, गोडी तर यीस्टने आधीच संपवलेली. एक खाऊन बघितली, ओला कापूस. दारू निवळायला अजून काही महिने, चांगली लागायला वर्ष, तोवर तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

त्या पांढऱ्या स्ट्रॉबेऱ्या घेऊन मी कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले होते, खरंच गेले होते. मग परत आले, पिशवीत भरल्या आणि फ्रीजरमध्ये ठेवल्या.

या वेळी तारीख लिहिलीये.