आमाच्या दोन खोल्या आणि आमचं माळवद

नेपाळला घर बांधायला चाललेय म्हणल्यावर आईचा पहिला प्रश्न, "तुला कुठं बांधता येतं?" बरोबरच होतं तिचं. पुण्यात कॉम्प्युटरसमोर बसून पगार घेणारी बाई मी, घरात खिळा ठोकायचा तरी वॉचमन काकांना हाक मारते. पण २०१७ चा नोव्हेंबर होता, सुट्ट्या लॅप्स होणार होत्या, आणि एका संस्थेचा ग्रुप काठमांडूच्या पलीकडं काभ्रेपलाञ्चोक जिल्ह्यात भूकंपग्रस्तांची घरं बांधायला जाणार होता. नाव दिलं आणि गेले.

खरं कारण वेगळं होतं, ते मी ग्रुपमध्ये कुणाला सांगितलं नाही. मी लातूरकडच्या औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, सगळे दमून झोपलेले. आमचं गाव किल्लारीसारखं आडवं झालं नाही, पण आजीच्या खोलीची मागची भिंत गेली. त्या रात्री आजीला उकडत होतं म्हणून ती अंगणात बाजेवर येऊन झोपली होती, एवढ्यावर वाचली. नेपाळचा भूकंप २५ एप्रिल २०१५ चा, तिथल्या घड्याळात ११ वाजून ५६ मिनिटं. दोन्हीकडं ५६, हे मला का कुणास ठाऊक डोक्यातून जाईना. फरक एवढाच की तिकडं दुपार होती, लोक शेतात होते, आणि शनिवार म्हणजे त्यांची साप्ताहिक सुट्टी, शाळा बंद. शाळेच्या कितीतरी इमारती पडल्या, पोरं आत असती तर काय झालं असतं याचा विचारच करवत नाही. तरी जवळपास ९ हजार माणसं गेली.

तर काठमांडूहून बनेपा, धुलिखेल करत पुढं जीपनं, मग शेवटचा चढ पायी. ज्यांचं घर बांधायचं होतं त्यांना सगळे आमा म्हणायचे, आमा म्हणजे आई. साठीच्या असतील. मुलगा कतारला, सून आणि नातू घरी. त्या मला पहिल्याच दिवशी "नानी, नानी" म्हणायला लागल्या, मला वाटलं एवढी म्हातारी दिसते का मी, मग कळलं तिकडं लहान पोरीला नानी म्हणतात. बत्तिसाव्या वर्षी नानी म्हणून घ्यायला मजा आली. बोर्ड वाचता येतात कारण लिपी आपलीच, अर्थ अर्धा कळतो आणि अर्ध्याचा घोळ होतो.

मी गेले तेव्हा जुनं घर म्हणजे दगडांचा ढीग होता. तीन मजली होतं म्हणे, खाली जनावरं, मधे झोपायचं, वर चूल आणि मक्याची साठवण. भिंती दगड-मातीच्या, दीड दीड फूट जाडीच्या. मी ते ढिगारे बघून थांबलेच. अगदी आमच्याच भिंती. आपल्याकडं बाहेरून एक दगडाचं तोंड, आतून एक तोंड, आणि मधे दगडगोटे, माती, जे हाताला लागेल ते भरलेलं. वरून माळवद, म्हणजे लाकडांवरचं सपाट मातीचं छप्पर, त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दोन फूट थर, दर पावसाळ्याआधी अजून एक थर. ऊन लागत नाही, थंडी वाजत नाही, झकास घर. फक्त हललं की ती दोन तोंडं एकमेकांना सोडतात, बाहेरचं बाहेर फुगतं, आतलं आत, आणि वरचं वजन खाली येतं. किल्लारीला माणसं भूकंपानं कमी आणि माळवदाखाली जास्त गेली असं आमच्याकडं सगळेच म्हणतात आणि ते खरंच आहे.

आता ऐका. आमा तेच दगड परत वापरत होत्या!! तेच दगड, तीच माती. मला धक्काच बसला. आमच्याकडं १९९३ नंतर दगडाच्या घरात झोपायला माणूस तयार नव्हता, पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळे काढले लोकांनी पण दगड नको. ५२ गावं तर उचलून दुसरीकडंच वसवली. ज्यांची घरं उभी होती त्यांच्यासाठी सरकारची दुरुस्तीची स्कीम होती, भिंतीला आरपार भोक पाडायचं, त्यात सळईचा आकडा टाकून काँक्रीट भरायचं म्हणजे दोन्ही तोंडं एकमेकांना धरून राहतात, पण बऱ्याच लोकांनी त्या पैशातून एक नवी पक्की खोली बांधून घेतली आणि जुन्या घराकडं पाठ फिरवली. आम्ही पण.

मिस्त्रीला तिकडं डकर्मी म्हणतात. आमचे डकर्मी दाइ (दाइ म्हणजे दादा) पन्नाशीचे, कमी बोलायचे, सगळ्या जगाकडं संशयानं बघायचे, आमच्याकडं तर जास्तच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना दगड देत होते, एक चांगला लांबट दगड आला तर मी तो भिंतीच्या लांबीत आडवा ठेवायला गेले, दिसायला मस्त बसत होता. त्यांनी न बोलता उचलला, गोल फिरवला आणि भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार बसवला. मग हाताची दोन बोटं एकमेकांत अडकवून ओढून दाखवली. नाही सुटत. बास, एवढंच लेक्चर. थ्रू स्टोन म्हणतात त्याला, ठराविक अंतरावर एकेक हवाच, आणि लांब दगड मिळाला नाही तर तेवढा काँक्रीटचा ठोकळा ओतून घ्यायचा. भूकंपानंतर डकर्मी लोकांची ट्रेनिंग झाली त्यात हे शिकवलं, त्याआधी घाईत किंवा दगड वाचवायला ते सोडून द्यायचे असं सून सांगत होती.

दुसरी गोष्ट पट्ट्यांची. जोत्याला एक, खिडकीच्या खाली एक, दार-खिडकीच्या वर एक, छपराखाली एक, सगळ्या घराला गोल वळसा घालणारा पट्टा, लाकडाचा किंवा काँक्रीटचा. पिंपाला कड्या असतात तसं. आमांच्या घराला काँक्रीटचा होता म्हणून मला त्यातल्या सळयांना रिंगा बांधायचं काम मिळालं. बाइंडिंग वायर दुहेरी करायची, कोपऱ्यात अडकवायची, आकड्यानं पिळायची. पहिल्या तासात मी अकरा बांधल्या, शेजारी आमांची सून बोलता बोलता तेवढ्या पाच मिनिटात बांधत होती आणि मधेच पोराला ओरडत पण होती. माझ्या अकरापैकी तीन सैल निघाल्या. चौथ्या दिवसापर्यंत हात बसला, नखं गेली.

बाकी काम म्हणजे हमाली. माती चाळणं, दगड रांगेनं हातोहात पुढं देणं, डोक्याला नाम्लोचा पट्टा लावून पाठीवर डोको. डोको म्हणजे बांबूची टोपली, मला अर्धी भरून द्यायचे आणि तरी सगळे माझ्याकडं हसत बघायचे.

आता हिशोबाचं बोलू, कारण परत आल्यावर ऑफिसमध्ये एकानं विचारलंच की तेवढे पैसे पाठवले असते तर जास्त उपयोग झाला नसता का. विचारायलाच पाहिजे. नेपाळ सरकारचं घरासाठी अनुदान तेव्हा ३ लाख नेपाळी रुपये होतं, तीन हप्त्यात, ५० हजार, मग दीड लाख, मग १ लाख. इंजिनियर येऊन जोतं बघणार, पट्टे बघणार, मग पुढचा हप्ता. आपल्या १०० रुपयाचे त्यांचे १६०, म्हणजे ३ लाखाचे आपले १ लाख ८७ हजार ५००. पहिला हप्ता सव्वाएकतीस हजार. माझं विमानाचं तिकीट, संस्थेची फी, बूट सगळं धरून माझा खर्च त्या पहिल्या हप्त्याच्या वर गेला. हा आकडा मी रात्री टेंटमध्ये काढला आणि झोप उडाली. दुसऱ्या दिवशी दुप्पट दगड उचलले, त्यानं काय होणार होतं.

पण नुसते पैसे हे पण पूर्ण उत्तर नाही असं मला तिथं राहून वाटलं. गावात उचलायला हातच नव्हते. तरणी पोरं कतार, मलेशिया, सौदी. एकदम सगळ्या डोंगरात लाखो घरं बांधायची, त्यामुळं डकर्मीची मजुरी वाढलेली आणि वाढूनही तो मिळत नाही. आपल्याकडं इर्जिक असते, सावड असते तसं त्यांच्याकडं पर्म असतं, आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. आमांकडं पर्म फेडायला माणूसच नाही तर कोण येणार त्यांच्याकडं? म्हणून आमच्यासारखे बिनकौशल्याचे बारा जण आठ दिवस दगड वाहायला चालून गेले. भिंत डकर्मी दाइंनीच बांधली, ते मी कुणाला सांगताना चुकूनही "आम्ही बांधली" म्हणत नाही. (फोटोखाली काही लोकांनी तसं लिहिलं, लिहू दे.)

असं दुसऱ्या देशात जाऊन घरं बांधणं म्हणजे फक्त गोऱ्या लोकांचं फॅड असं पण नाही हां. आणि आपण नेहमी देणाऱ्याच बाजूला असतो असंही नाही, २००६ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला जगभरातून लोक आपल्या माणसांची १०० घरं बांधायला आले होते, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर स्वतः ८२ व्या वर्षी आले होते.

आमांची एक तक्रार मात्र शेवटपर्यंत होती. घर लहान. दोन खोल्या, वर जस्तापाता, म्हणजे आपला पत्रा. "मका कुठं ठेवू? कोदो कुठं ठेवू?" कोदो म्हणजे आपली नाचणी. इंजिनियरनं पास केलेल्या नकाशात मक्याला जागा नव्हती. त्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं, माझ्याकडं तर नाहीच. जुन्या लाकडांची एक शेड बाजूला काढू असं सून म्हणत होती.

निघताना आमांनी माझे हात हातात घेऊन नखं बघितली आणि सुनेला काहीतरी म्हणाल्या, दोघी हसल्या. सुनेनं हिंदीत सांगितलं, "बोल रही हैं, आठ दिन का पर्म हो गया, आपका घर कब बनेगा बताना."

डिसेंबरमध्ये गावी गेले तेव्हा बाबांना मोबाईलवर त्या आरपार दगडाचा फोटो दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघत बसले. मी विचारलं, आजीच्या खोलीचे दगड अजून मागं पडलेत ना, झाडीत?

"ते व्हय. ते कवाच इकले की. ट्रॅक्टर लावून नेले, रस्त्याच्या भरावाला."

"सगळे?"

"एक ठेवलाय. तुझी आई धुणं धुती त्याच्यावर."