व्ह्यूफाइंडरला कोणता डोळा लावायचा?

व्ह्यूफाइंडर म्हणजे कॅमेऱ्याची डोळा लावून बघायची खिडकी, थोडक्यात फाइंडर. कॅमेरा उचलला की तो एका ठरावीक डोळ्याकडे जातो, आणि हा डोळा बहुतेकांनी कधी ठरवून निवडलेला नसतो. साधारण दोन तृतीयांश माणसांचा उजवा डोळा प्रबळ असतो, म्हणजे नेम धरताना तोच आपोआप पुढे येतो, उरलेल्यांपैकी बहुतेकांचा डावा. हाताशी याचा संबंध आहे, पण अगदी सैल. उजव्या हाताने लिहिणारी, जेवणारी कितीतरी माणसं नेम धरताना डावा डोळा वापरतात. कॅमेरे मात्र जवळजवळ सगळेच एका साच्यातले: शटरचं बटण उजवीकडे, पकड उजवीकडे, अंगठ्याची बटणं उजवीकडे. हा साचा उजव्या डोळ्याला सोयीचा पडतो. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याला ज्या अडचणी येतात, त्या त्याच्या डोळ्याच्या नसून कॅमेऱ्याच्या घडणीच्या आहेत, आणि त्यातल्या पुष्कळशा सेटिंग बदलून सुटतात.

आधी तुमचा प्रबळ डोळा कोणता ते बघा. दोन्ही हात समोर ताणा, पंजे एकमेकांवर ठेवून अंगठ्यांच्या बेचक्यात रुपयाएवढी फट सोडा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून तीन-चार मीटरवरची एखादी वस्तू बघा. भिंतीवरचं घड्याळ चालेल. आता डावा डोळा मिटा. घड्याळ फटीतच राहिलं तर उजवा डोळा प्रबळ. ते फटीबाहेर गेलं तर डावा. चार-पाच वेळा करा, कारण काहींचं उत्तर दर वेळी बदलतं. अशा माणसांनी कुठलाही डोळा वापरावा, आणि निवड मोकळी असेल तर उजवा घ्यावा.

नेहमीच्या एसएलआर (आत आरसा असलेल्या) किंवा मिररलेस (बिनआरशाच्या) कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडर साधारण मधोमध, लेन्सच्या वर असतो. आपल्या दोन डोळ्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास. उजवा डोळा लावला की नाक स्क्रीनच्या डाव्या भागावर येतं आणि डावा डोळा कॅमेऱ्याच्या डाव्या कडेपाशी पोचतो. बॉडी लहान असेल तर त्याला कडेपलीकडचं बरंच दिसतं. डावा डोळा लावला की सगळं उलटं होतं: नाक स्क्रीनच्या उजव्या भागावर, उजवा डोळा थेट पकडीच्या आणि हाताच्या मागे, आणि उजव्या अंगठ्याचं पेर गालावर नाहीतर चष्म्याच्या काचेवर. फोकस पॉइंट (फोकस जिथे धरला जातो ती खूण) हलवायची जॉयस्टिक आणि फोकस लावायचं एएफ-ऑनचं बटण नेमकं तिथेच असतं.

रोलच्या कॅमेऱ्यांत हा त्रास जास्त टोकदार होता, अगदी शब्दशः. १९८२ मध्ये आलेल्या निकॉन एफएम२ मध्ये रोल पुढे सरकवायची लिव्हर बॉडीला चिकटलेली असेल तर शटर दबत नाही. ती सुमारे ३० अंश बाहेर ओढून ठेवावी लागते, आणि डाव्या डोळ्याने बघणाऱ्याच्या उजव्या भुवईला ती टोचते. हा कॅमेरा आजही सेकंडहँड बाजारात हौसेने घेतला जातो, म्हणून आवर्जून सांगतो: तुमचा डोळा डावा असेल तर विकत घेण्याआधी लिव्हर बाहेर ओढून एकदा डोळ्याला लावून बघा. पेंटॅक्स के१००० मध्ये लिव्हरला असं कुलूप नाही, ती मिटलेली असतानाही शटर दबतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये बनलेल्या एक्झाक्टाचं आणखी वेगळं. १९३६ च्या किने एक्झाक्टामध्ये शटरचं बटण आणि रोलची लिव्हर दोन्ही डावीकडे होती. साचा दुसरा असू शकला असता, एवढं त्यावरून नक्की कळतं.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघतात, आणि हा फाइंडर बॉडीच्या डाव्या टोकाला असतो. तिथे उजवा डोळा लावला की नाक जवळजवळ बाहेर राहतं आणि डावा डोळा पूर्ण मोकळा. १९५४ च्या लायका एम३ च्या फाइंडरचं मॅग्निफिकेशन सुमारे ०.९१ आहे, म्हणजे फाइंडरमधलं जग नुसत्या डोळ्याने दिसतं जवळपास तेवढंच. फोग्टलेंडर बेसा आर३ए मध्ये तर ते १ आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवले की दोन चित्रं एकमेकांवर बसतात आणि चौकटीच्या रेषा समोरच्या दृश्यावर तरंगल्यासारख्या दिसतात. डाव्या डोळ्याने या कॅमेऱ्यांतून फोटो काढता येतात, फक्त हा खास फायदा हातून जातो.

दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय कुठल्याही कॅमेऱ्यावर लावून घेता येते, आणि मी ती आग्रहाने सुचवेन. एक डोळा घट्ट मिटला की त्या बाजूचा गाल वर ओढला जातो, उघड्या डोळ्याची पापणीही थोडी आकसते आणि अर्ध्या तासात कपाळ दुखायला लागतं. सवय करताना झूम अशा ठिकाणी आणा की फाइंडरमधली वस्तू आणि दुसऱ्या डोळ्याला दिसणारी वस्तू सारख्याच आकाराच्या वाटतील. हिशोब सोपा आहे: ५० ला मॅग्निफिकेशनने भागा. ०.७५ च्या फुल-फ्रेम (३५ मिमी रोलच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याच्या फाइंडरला झूम ६७ मिमीवर येतं. इलेक्ट्रॉनिक फाइंडर असेल तर त्याची ब्राइटनेस बाहेरच्या उजेडाशी जुळेल इतकी ठेवा. एक चित्र फार उजळ आणि दुसरं अंधारं असेल तर मेंदू दोघांत उड्या मारत राहतो. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरे. २०० मिमीच्या पुढे दोन चित्रं जुळणं अवघडच. तिथे दुसऱ्या डोळ्याचं काम फक्त पहारा ठेवण्याचं.

हा पहारा कुठे उपयोगी पडतो ते वारीतल्या रिंगणात कळतं. लांब लेन्स लावून फाइंडरमध्ये अश्व शोधत बसलात तर तो चौकटीत येऊन निघूनही जातो. उजवा डोळा फाइंडरला असेल तर डाव्या डोळ्याला डावीकडचं मैदान दिसतं, उजवीकडचं हात आणि बॉडी झाकते. म्हणून अश्व डावीकडून तुमच्याकडे येतील अशी जागा धरा. कबड्डीला, कुस्तीच्या फडाला हेच लागू. डाव्या डोळ्याने बघणाऱ्याचा उजवा डोळा आडव्या कॅमेऱ्यात पूर्ण झाकलेला असतो, त्यामुळे त्याने दर काही सेकंदांनी डोकं वर काढून बघण्याला पर्याय नाही.

कॅमेरा उभा धरला की मात्र चित्र बदलतं, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. उजवा हात वर घेऊन कॅमेरा उभा केला की फाइंडर डावीकडे येतो आणि बॉडी त्याच्या उजवीकडे जाते. उजवा डोळा लावला तर नाक आणि डावा डोळा दोन्ही मोकळे. हाच कॅमेरा डावा डोळा लावून असा धरला तर सगळा चेहरा बॉडीमागे. त्यापेक्षा डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांनी उजवा हात खाली येईल असा कॅमेरा फिरवावा. फाइंडर उजवीकडे येतो, बॉडी डावीकडे जाते, नाक आणि उजवा डोळा मोकळे होतात. शिवाय दोन्ही कोपर छातीशी टेकतात, उजवं कोपर हवेत राहत नाही. मंद उजेडात शटर १/३० सेकंदावर असताना हा फरक फोटोत दिसतो.

टचस्क्रीनवाल्या कॅमेऱ्यांत नाकाचा एक नवा उपद्व्याप आहे. फाइंडरमधून बघताना स्क्रीन टचपॅडसारखी वापरायची सोय चालू असेल तर नाकाचा शेंडा फोकस पॉइंट कुठेतरी कोपऱ्यात नेऊन ठेवतो. लेन्स बिघडली, फोकस चुकतोय अशी तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी हे तपासावं. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या मेनूत टचचा चालू भाग निवडता येतो: पूर्ण, उजवा, डावा, कधी फक्त एक कोपरा. उजव्या डोळ्याला उजवा भाग चालू ठेवा. डाव्या डोळ्याला नाक उजवीकडे असतं, म्हणून डावा भाग चालू ठेवून डाव्या हाताचा अंगठा वापरा, किंवा ही सोय सरळ बंद करा. फोकसचं काम पुढच्या बाजूच्या, बोटाने दाबायच्या फंक्शन बटणावर देता आलं तर अंगठा आणि गाल यांचं भांडण मिटतं. जाड रबराचा आयकप (फाइंडरभोवतीची कड) चेहऱ्याला काही मिलिमीटर मागे ठेवतो, तेवढ्यानेही अंगठ्याला जागा होते. एका बाजूला पंख असलेला आयकप असेल तर तो काढून उलट बाजूने बसतो का ते बघा.

चष्मा आणि नंबर हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. फाइंडरशेजारी डायऑप्टरचं, म्हणजे फाइंडर डोळ्याच्या नंबराशी जुळवायचं, छोटं चाक असतं, बऱ्याच कॅमेऱ्यांत साधारण −३ ते +१ किंवा −४ ते +२. कॅमेरा एखाद्या साध्या, उजळ भिंतीकडे धरा आणि दृश्याकडे न बघता फाइंडरमधल्या फोकस पॉइंटच्या खुणांकडे किंवा खालच्या आकड्यांकडे बघा. चाक आधी पूर्ण + कडे न्या, मग हळूहळू − कडे आणा. आकडे पहिल्यांदा स्वच्छ दिसले की तिथेच थांबा. उलट्या दिशेने आलात तर डोळा स्वतःच ताण घेऊन चुकीच्या जागीही स्पष्ट बघतो, आणि तासाभराने डोकं दुखतं. चाळिशी लागल्यावर डोळ्याची ही ताण घ्यायची ताकद कमी होते, म्हणून जुनं सेटिंग अचानक पुसट वाटू लागतं. चाक एक-दोन घरं + कडे सरकवलं की बहुधा काम होतं. सिलिंड्रिकल नंबर मात्र या चाकाने जात नाही, तिथे चष्मा लावूनच बघायला हवं. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर काचेच्या वरच्या भागातून बघा.

दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतात, त्यामुळे डोळा बदलला की चाकही बदलायचं. डोळ्याच्या हालचालीवरून फोकस ठरवणाऱ्या कॅमेऱ्यांत तर हे जास्तच महत्त्वाचं. कॅननने ही सोय १९९२ च्या ईओएस ५ मध्ये आणली, पुढे १९९८ च्या ईओएस ३ मध्ये दिली आणि २०२१ च्या ईओएस आर३ मध्ये परत आणली. तिथे कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याला डोळ्याची ओळख करून देणं) डाव्या आणि उजव्या डोळ्यासाठी, चष्म्यासह आणि चष्म्याविना वेगवेगळ्या क्रमांकांवर साठवून ठेवावं. उजव्या डोळ्याचं कॅलिब्रेशन ठेवून डावा डोळा लावला की फोकस भलतीकडे भटकतो.

चष्मेवाल्यांनी आणखी एक बघावं: आयपॉइंट, म्हणजे आयपीसपासून (फाइंडरच्या डोळ्याकडच्या काचेपासून) किती अंतरावरून पूर्ण चौकट दिसते ते. निकॉन एफ३ एचपीमध्ये ते सुमारे २५ मिमी आहे आणि चष्म्यातूनही चारही कोपरे दिसतात. १५–१६ मिमी असेल तर कोपरे कापले जातात. चष्म्यामुळे उरणाऱ्या फटीतून एसएलआरच्या फाइंडरमध्ये मागून ऊन शिरलं तर उजेड मोजणारा मीटरही फसतो आणि फोटो अंधारा येतो. ऊन पाठीमागे असेल तर डावा तळहात कपाळाशी आडवा धरा.

मग डोळा बदलावा का? नुकतीच सुरुवात असेल आणि उजव्या डोळ्याने तितकंच स्वच्छ दिसत असेल तर महिनाभर प्रयत्न करून बघा. वर्षानुवर्षं डावा डोळा वापरत असाल तर बदलू नका. घाईच्या क्षणी कॅमेरा जुन्याच डोळ्याकडे जातो आणि तेवढ्यात फोटो निसटतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी मात्र डॉक्टरांना स्पष्ट सांगा की तुम्ही फोटो काढता आणि कोणत्या डोळ्याने. एक डोळा लांबचं आणि दुसरा जवळचं बघेल अशा नंबरच्या लेन्स बसवायच्या असतील तर ही माहिती त्यांना आधी हवी असते. शस्त्रक्रियेनंतर नंबर स्थिरावला की डायऑप्टरचं चाक पुन्हा पूर्ण + पासून लावून घ्या.