चाळीस कवड्यांची माळ

दहा जानेवारीच्या पहाटे साडेपाचला तांती दारात उभी होती. पांढरं धुतलेलं कापड छातीवर गुंडाळलेलं, खांदे उघडे, गळ्यात बारीक मण्यांच्या तीन-चार माळा. "पोरी, पाणी घेतलंस ना?" एवढंच विचारलं आणि गाडीत जाऊन बसली.

तांती म्हणजे मावशी. इथे वयानं मोठ्या बाईला सगळे तसंच म्हणतात. नवऱ्याच्या काजूच्या कामामुळे आम्ही पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशातल्या कोतोनू शहरात आलो, तेव्हापासून शेजारच्या या बाईनं मला लेकीसारखं धरलं. तिचं माहेर वीदाचं. कोतोनूहून पश्चिमेला ४० किलोमीटरवर, समुद्राला लागून. वर्षभर ती म्हणत होती, एकदा वोडूनच्या, म्हणजे इथल्या जुन्या देवधर्माच्या, सणाला माझ्याबरोबर चालत समुद्रापर्यंत चल.

चालणं मला नवं नाही. माझं माहेर बार्शीकडचं. आमच्या घरात आषाढीला पंढरपूर आणि अश्विनी पौर्णिमेला तुळजापूर, दोन्ही वाटा पायी व्हायच्या. आजी देवीची आराधीण होती. मंगळवारी, शुक्रवारी परडी घेऊन जोगवा मागायची. तिच्या गळ्यातली कवड्यांची माळ मी लहानपणी मोजत बसायचे, आणि प्रत्येक वेळी आकडा चुकायचा. वीदाची वाट तर चार किलोमीटरसुद्धा भरत नाही. वाखरीहून पंढरपूरला जायला याहून जास्त चालावं लागतं. तरी इतकी जड वाट मी आजवर चालले नव्हते.

आधी तिच्या माहेरी थांबलो. उंबऱ्याशी मातीचा एक उंचवटा, त्याला डोळे-तोंड म्हणून कवड्या बसवलेल्या, वरून पामतेल ओघळून काळंतांबूस झालेलं. हा लेग्बा. देवांकडे जाणारी वाट हाच उघडतो, म्हणून कुठल्याही पूजेत पहिला मान त्याचा. तांतीनं त्याच्यावर पाणी ओतलं, काहीतरी पुटपुटली. शेंदूर माखलेला वेशीवरचा म्हसोबा पाहत वाढलेल्या माणसाला यात काय समजावून सांगायचं? हात आपोआप जोडले गेले.

आत मामी वाताची खोली. ही पाण्याची देवी. आरसा, अत्तर, पावडरीचे डबे, गोड पेयांच्या बाटल्या तिच्यापुढे मांडलेल्या. आणि भिंतीवर, धुरानं पिवळ्या पडलेल्या चौकटीत, आपले दत्त! तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी चार कुत्री. मी तांतीकडे पाहतच राहिले. "हा देन्सू," ती म्हणाली, "पाण्यातला देव, मोठा श्रीमंत."

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, हे एका घरापुरतं नाही. भारतात छापलेली देवादिकांची चित्रं विसाव्या शतकात व्यापाऱ्यांबरोबर या किनाऱ्यावर आली आणि वोडूनच्या देव्हाऱ्यांत जाऊन बसली. खुद्द मामी वाताचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र, मोकळ्या केसांची आणि अंगावर साप खेळवणारी बाई, मूळ जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं. १९५५ मध्ये मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीनं त्याच्या १२,००० प्रती छापून घानाच्या कुमासीला धाडल्या होत्या. इथल्या माणसांनी ती चित्रं पाहिली आणि त्यांत आपलेच देव ओळखले. माझ्या गाणगापूरच्या दत्तांना इथे दुसरं नाव आहे, पण दिवा तसाच लागतो. मला भरून आलं. दिगंबरा दिगंबरा म्हणत मी तिथेच डोकं टेकलं आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

गावाच्या मध्यावर अजगरांचं देऊळ आहे आणि त्याच्या बरोब्बर समोर कॅथलिक बॅसिलिका. दांग्बे हा इथला सर्पदेव. देवळातले अजगर छोटे, मऊ, अंगाची गुंडाळी करून पडलेले. रात्री कधी ते बाहेर पडतात आणि कुणाच्या घरात शिरले तर घरचे त्यांना उचलून मानानं परत आणून सोडतात. मारायचं नाही. एक माझ्या गळ्यात ठेवला. गार, जड, संथ. नागपंचमीला भिंतीवरच्या चित्राला लाह्या-दूध दाखवलं होतं, जिवंत अंगाचं वजन पहिल्यांदाच कळलं. सिनेमानं ‘वूडू’ म्हणून वोडूनचं जे टाचण्या टोचलेलं बाहुलं करून ठेवलंय, ते या गावात मला कुठेही दिसलं नाही. इथल्या ‘फोन’ नावाच्या भाषेत वोडून म्हणजे देवत्व, शक्ती. वीज हेव्हिओसोची, लोखंड गूचं, माती आणि देवीचा रोग साक्पाताचा. आपणही त्या रोगाला ‘देवी’च म्हणत आलो. १९७० च्या दशकात इथल्या मार्क्सवादी राजवटीत या पूजाअर्चेवर दडपण आलं होतं. १९९० च्या दशकात धर्म म्हणून मान्यता मिळाली आणि दहा जानेवारीची राष्ट्रीय सुट्टी झाली.

चालायला सुरुवात झाली ती शाशाच्या चौकातून. शाशा हा किताब; ब्राझीलहून आलेल्या फ्रान्सिस्को फेलिक्स द सूझाचा. दाहोमी या इथल्या जुन्या राज्याचा राजा गेझो याचा हा मित्र आणि माणसांचा व्यापारी, १८४९ मध्ये इथेच मेला. त्याचे वंशज आजही गावात मानानं राहतात. इथे माणसं विकली जात. दाहोमीच्या राजांनी लढाईत धरून आणलेली माणसं, युरोपी आणि ब्राझिली व्यापाऱ्यांनी घेतलेली. दोन्ही गोष्टी तांतीनं एकाच आवाजात सांगितल्या. "विकणारेही आमचेच होते, पोरी." त्या एका वाक्यासाठी मी या बाईला जन्मभर मानीन.

तांबड्या मातीचा रस्ता. हरमाटन वाऱ्यानं आणलेल्या धुळीमुळे सूर्य दुधी दिसत होता. दुतर्फा सिप्रियाँ तोकुदाग्बा या शिल्पकारानं घडवलेले देवांचे पुतळे. मागून ढोल, लोखंडी घंटेचा ठोका आणि बायकांचा गळा. शब्द कळत नव्हते, पण एकीनं उचलायचं आणि सगळ्यांनी झेलायचं ही रीत माझ्या ओळखीची होती. पोरं मला बघून "योव्हो, योव्हो" ओरडत होती. म्हणजे परकी, गोरी. मी गोरी नाही, परकी मात्र होते. एकदम पुढची गर्दी फुटली, तांतीनं माझा दंड धरून मला मागे खेचलं. एगुनगुन! पायापासून डोक्यापर्यंत आरसे आणि मणी शिवलेल्या झगमगत्या कापडात गुंडाळलेला, परत आलेला पूर्वज. त्याच्या कापडाचा स्पर्श जिवंत माणसाला होऊ द्यायचा नसतो. तो गरगर फिरत गेला तेव्हा त्या कापडाचा वारा तेवढा माझ्या तोंडावर आला.

पुढे विस्मृतीच्या झाडाची जागा. झाड आता नाही, पुतळा आहे. सांगतात की बंदी पुरुषांना त्या झाडाभोवती नऊ वेळा फिरवायचे आणि बायकांना सात वेळा. गाव, नाव, आईबाप विसरावेत म्हणून. मी वडाला सात फेरे घातलेली बाई. माझ्या पायांना ते सात फेरे माहीत आहेत, साता जन्मांची गाठ बांधणारे. इथे तेच सात फेरे सगळ्या गाठी सोडवण्यासाठी. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. तांतीनं घाई केली नाही.

त्याच्याही पुढे झोमाई. नावाचा अर्थ, जिथे उजेड नेत नाहीत ती जागा. जहाज लागेपर्यंत माणसांना अंधारात कोंडायचे. मग झुंगबोजी, जे वाटेतच गेले त्यांच्या सामूहिक दफनाची जागा. इथे गाणं आपोआप थांबलं. जवळच परतीचं झाड. त्याला तीन फेरे मारले की मेल्यावर जीव या मातीत परत येतो, अशी श्रद्धा. तांतीनं तीन फेरे घातले, मीही तिच्या मागून.

झाडाच्या सावलीत बसलो तेव्हा तिनं कमरेची पुरचुंडी सोडली आणि कवड्यांची एक माळ माझ्या हातात ठेवली. दोऱ्यात ओवलेल्या, कडा झिजलेल्या, हस्तिदंतासारख्या पिवळट. "चाळीस आहेत," ती म्हणाली. पूर्वी वीदाच्या बाजारात चाळीसची एक माळ हे चलनाचं माप होतं. ही कवडी इथल्या समुद्रातली नव्हेच. मालदीव बेटांवरची, बंगाल आणि सिलोनमार्गे डच आणि इंग्रज जहाजांच्या तळाशी भार म्हणून भरून युरोपात जायची, ॲम्स्टरडॅम आणि लंडनला तिचे लिलाव व्हायचे आणि तिथून ती गुलामांच्या व्यापारासाठी या किनाऱ्यावर यायची. खोटी पाडता येत नाही, कुजत नाही, मोजायला सोपी. माणूस या कवडीनं विकत घेतला जायचा.

माझ्या आजीच्या गळ्यातली कवडी. देवीचा दागिना म्हणून जी डोळ्यांना लावायची, ती. त्याच समुद्रातून निघालेली एक आमच्या घरी देवीआईचं लेणं झाली आणि दुसरी इथे कुणाच्या तरी लेकराची किंमत. मी माळ मोजली. या वेळी आकडा चुकला नाही.

खाडीवरून रस्ता पुढे गेला आणि समुद्राचा आवाज आला. १९९५ मध्ये उभारलेलं ‘परत न येण्याचं दार’ वाळूत उभं आहे, त्यावर साखळदंडातल्या माणसांच्या रांगा पाण्याकडे चाललेल्या. पलीकडे लाटा अशा फुटतात की जहाज किनाऱ्याला लागूच शकत नाही. ती दूर उभी राहायची. होड्या माल घेऊन यायच्या आणि माणसं घेऊन जायच्या. दहा लाखांहून अधिक माणसं या किनाऱ्यावरून गेली. १८६० मध्ये ‘क्लोटिल्डा’ जहाजानं अमेरिकेत नेलेली शेवटची माणसंही इथूनच. गेलेल्यांनी देव मात्र विसरले नाहीत. हैतीत, ब्राझीलमध्ये त्याच देवांना आजही ढोलावर बोलावतात.

वाळूवर ढोल घुमत होते. गवताच्या गंजीएवढा झांगबेटो, रात्रीचा राखणदार मानलेला, गिरक्या घेत होता. पांढऱ्या कापडातल्या बायका लाटांना सामोऱ्या जाऊन पाणी डोक्याला लावत होत्या. मीही लावलं. चंद्रभागेत करतो तसंच.

मला वाटलं, आता गाडी येईल. तांतीनं मान हलवली. "त्यांना परत चालता आलं नाही. आपण चालायचं."

म्हणून तेच सगळं उलटं. दार, खाडी, परतीचं झाड, झोमाई. ऊन टळटळीत झालं होतं, टाचा भाजत होत्या. वाटेत केळीच्या पानातला अकासा, मक्याच्या पिठाचा गोळा, घेऊन दोघींनी खाल्ला. बोललो नाही.

घराच्या उंबऱ्यावर तांतीची म्हातारी आत्या बसली होती. आम्हाला बघून ती तांतीच्या हाताला धरून उठली आणि म्हणाली, "कुआबो." आलात. परत आलेल्या माणसाला इथे हेच म्हणतात. तिनं भोपळ्याच्या वाडग्यात पाणी पुढे केलं. आधी चार थेंब जमिनीवर सांडले, आणि मग वाडगा माझ्या हातात दिला.