भारतात आल्याची तारीख

गोष्ट फेब्रुवारी २०२३ ची, कार्निव्हलच्या आठवड्यातली. मी तेव्हा उत्तर गोव्यातल्या एका मध्यम हॉटेलात फ्रंट ऑफिस मॅनेजर होतो. नाव लिहीत नाही, अजून तिथल्या लोकांशी बोलणं आहे.

रिसेप्शनचं काम म्हणजे हसून चावी देणं असं बाहेरच्यांना वाटतं. निम्मं काम कागदांचं असतं. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद करणारा सी फॉर्म तेव्हा ऑनलाइन भरायचा, नाहीतर पोलीस विचारायला यायचे. आणि तो चुकवायच्या शंभर तऱ्हा आहेत. नवीन पोरं व्हिसा नंबरच्या जागी पासपोर्ट नंबर टाकतात, ई-व्हिसाचा कागद मागायला विसरतात, व्हिसा मिळाला ती तारीख भारतात आल्याची म्हणून भरतात, खरी तारीख असते इमिग्रेशनच्या शिक्क्यात आणि तो शिक्का नेमका कुठल्यातरी भलत्याच पानावर, अर्धा पुसट, वर थायलंडचा शिक्का चढलेला. रात्री दोन वाजता टॉर्च मारून ते वाचायचं. माझ्या सगळ्या नोकरीत एकही फॉर्म न चुकवणारी दोनच माणसं पाहिली. एक मी (असं मीच म्हणतो) आणि दुसरी आमच्याकडची तिबेटी पोरगी.

ती गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावची. तिथे इटियाडोह धरणाजवळ १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, म्हणून ते लोक अजूनही वसाहतीला 'भंडारा'च म्हणतात. घरची थोडी धानाची शेती, आणि थंडीत स्वेटर. नागपुरात दिवाळीच्या सुमाराला तिबेटी स्वेटरवाले बसतात ना, तिची आई त्यातलीच. माल लुधियानाहून उधारीवर उचलायचा, सीझन संपला की फेडायचा. कोविडमध्ये धंदा बसला आणि उधारी तशीच अंगावर राहिली. म्हणून बारावीनंतर ही हाउसकीपिंगला ट्रेनी म्हणून आली, दिवसाला चौदा खोल्या करायची, वर्षभरात फ्रंट ऑफिसला. इंटरव्ह्यूला मी हिंदीत सुरू केलं तर म्हणाली, "काहून जी सर, मराठीत बोला ना." सतरा हजार पगारातले दहा घरी. धाकटा भाऊ बेंगळुरूला नर्सिंग शिकतोय, त्याची फी त्यातच. राहणं-जेवण हॉटेलचं असल्याने जमायचं, पण दोन वर्षांत तिच्या पायात नवीन चप्पल मी पाहिली नाही.

तर त्या वर्षी लोसार, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, २१ फेब्रुवारीला आलं आणि कार्निव्हलचा शेवटचा दिवसही तोच. तिने महिनाभर आधी रजा मागितली होती. मी नाही म्हणालो. हाउस फुल असताना चांगलं माणूस कोण सोडतं? मग आईच यायचं ठरलं, नागपूरहून रेल्वेने. मी जनरल मॅनेजरकडून स्टाफ रेटने दोन रात्री मिळवल्या आणि स्वतःवर भलताच खूश झालो.

२० तारखेला दुपारी आधी एक काका आले. जन्म सदाशिव पेठेतला, आता न्यू जर्सी, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते. सी फॉर्मसाठी पासपोर्ट मागितला तर भडकले. "मी फॉरेनर? माझे आजोबा पुण्यात नगरसेवक होते!" आवाज पार लॉबीभर. आणि हिच्याकडे बोट दाखवून मला म्हणतात, या नेपाळी मुलीला काय कळतंय. तिने शांतपणे मराठीत सांगितलं की काका, ओसीआयवाल्यांचाही भरावा लागतो, दोन मिनिटं बसा, मी सोलकढी सांगते. काका गार. पाच मिनिटांनी तिलाच सी-व्ह्यू मागत होते. आपली माणसं परदेशात जाऊन आणखी आपली होतात, हा माझा अनुभव आहे.

आई चारच्या सुमाराला आली. एक बॅग आणि स्टीलचा मोठा डबा, त्यात खापसे, चवीला आपल्या शंकरपाळ्याच्या जवळचे. मी म्हटलं, ताई, प्रवास कसा झाला? म्हणाल्या, "गर्दी लय होती जी." मी चावी काढली आणि पोरीला म्हटलं, जा, अमालांना (तिबेटीत आईंना) खोलीवर सोडून ये.

ती हलली नाही. "सर, सी फॉर्म राहिला."

मला क्षणभर कळलंच नाही. बहुतेक तिबेटी लोकांकडे भारतीय पासपोर्ट नसतो, आरसी असते, फॉरेनर म्हणून पोलिसांकडे नोंदणी केल्याचं सर्टिफिकेट, ठरावीक मुदतीने नूतनीकरण करायचं. हिचीही आरसीच, मी जॉइनिंगच्या वेळी फाइलला लावली होती. आणि ट्रेनिंगमध्ये तिच्यासमोरच घसा फोडून सांगायचो, एकही फॉरेनर सुटता कामा नये. मी हळूच म्हटलं, राहू दे गं, घरचंच माणूस आहे. ती म्हणाली, "सुटला तर हॉटेलला दंड होईल सर. आमच्या आरसीवर काय येईल?"

मी भरतो असं तेव्हा म्हणायला हवं होतं. पण लॉबीत दुसरा ग्रुप उतरत होता, मी म्हटलं, बरं, भर तू. इतकी वर्षं हेच आठवतं.

तिने सुरू केलं. नाव. राष्ट्रीयत्व. पासपोर्टच्या जागी आरसीचा नंबर. मग तो रकाना आला, भारतात आल्याची तारीख. तो रिकामा सोडायचा नसतो, हेही मीच शिकवलेलं. आई काउंटरला टेकून उभी, डबा अजून हातात. जन्म १९७६, गोठणगाव. तिने माझ्याकडे पाहिलं, मी प्रिंटरकडे. मग तिने आईची जन्मतारीख टाकली. कुठून आलात याच्यापुढे, गोठणगाव. फॉर्म गेला. पोलिसांकडून कधीच काही विचारणा आली नाही.

नंतर मी वाचून काढलं. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतःच नागरिक. दिल्ली हायकोर्टाने तिबेट्यांच्या केसेसमध्ये २०१० ला आणि पुन्हा २०१६ ला तेच सांगितलं. म्हणजे आई तर भारतीयच! मोठ्या उत्साहाने पोरीला सांगायला गेलो. तिला सगळं पाठ होतं, तारखांसकट. पासपोर्ट मागायला गेलं की आरसी परत करा, वसाहतीत राहत नाही असं दाखवा, अशा अटी २०१७ ला आल्या, हेही. म्हणाली, "घर वसाहतीतच हाय ना सर. मग अमालांनी राहायचं कुठं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि चेक-आउटची रांग लागली होती.

निघताना आईने डबा मागितला. रिकामा कसा देणार म्हणून मी बेकरीतून बेबिंका, म्हणजे गोव्याचा थरांचा गोड केक, आणून घातला. त्यांनी झाकण उघडून पाहिलं आणि लेकीला तिबेटीत काहीतरी विचारलं. लेक हसली. काय म्हणाल्या विचारलं तर म्हणाली, "हे किती दिवस टिकतं, विचारतात. भावाला पाठवायचंय."