छतातलं धुराडं

३१ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. रेडिंग, इंग्लंड

नरक चतुर्दशी. नव्या घरातली पहिली दिवाळी म्हणून पहाटे पाचलाच उठले. आईने चिपळूणहून येताना उटणं आणि सुगंधी तेल आणलं होतं. पायाखाली फोडायला कारीट इथे कुठलं मिळायला, पण बाकी सगळं रीतसर करायचं ठरलं होतं. आईने लेकीला तेल लावलं, उटणं चोळलं, मी ओवाळलं. ती शॉवरखाली गेली आणि दोन मिनिटांत ओरडत बाहेर आली. पाणी गारठोण. अंगावर उटणं तसंच, दात वाजतायत. आईने धावत जाऊन गॅसवर पातेलं चढवलं.

नवरा खाली बॉयलरपाशी गेला, म्हणजे नळाचं आणि घर उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरमधलं पाणी तापवणाऱ्या गॅसच्या यंत्रापाशी. दाबाचा काटा ०.३ बारवर. बॉयलर गार असताना तो १ ते १.५ च्या मध्ये हवा, हे आम्हाला भाड्याच्या घरात कळलं होतं. बॉयलरखाली चंदेरी जाळीची एक नळी असते, तिच्या चाव्या उघडल्या की नळाचं पाणी यंत्रणेत शिरतं. काटा वर चढला, बॉयलर पेटला, उरलेल्यांच्या आंघोळी झाल्या.

चाव्या हातात येऊन आज सतरा दिवस. ऑक्टोबर तसा उबदार गेला, म्हणून हीटिंग अजून लावलंच नव्हतं.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. भावाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं.

काटा परत खाली. चार दिवसांत तिसऱ्यांदा पाणी भरलं. काल संध्याकाळी पहिल्यांदा हीटिंग लावून पाहिलं, तर दिवाणखान्यातला रेडिएटर वर गरम आणि खाली थंड. हवा काढायला कडेचा स्क्रू किल्लीने सैल केला, तेव्हा आधी फुस्स झालं आणि मग शाईसारखं काळं पाणी आलं. खाली धरलेल्या पांढऱ्या फडक्यावरचा तो डाग अजून निघालेला नाही. रेडिएटरचं लोखंड आतून गंजत जातं आणि त्याचा काळा गाळ तळाशी बसतो. हा गाळ वर्षानुवर्षांचा आहे, म्हणजे यंत्रणा कुणी कधी धुतलेली नाही.

दुपारी आई म्हणाली, "अगं, माझ्या खोलीत वर ओल आहे." जाऊन पाहिलं. छताच्या पांढऱ्या रंगाखाली पिवळसर वर्तुळ, बशीएवढं. घर दाखवायच्या आधी त्यावर हात मारलेला असावा, कारण तेवढ्याच भागाला रंग जाड बसलाय. मी म्हटलं वरच्या मजल्यावरून गळत असेल. आई म्हणाली, "वर तुमची झोपायची खोली. तिथे नळ कुठे आहे?"

कोकणातल्या माणसाला ओल कुठून येते ते बरोबर कळतं. मी मात्र तिथेच विषय सोडला.

९ नोव्हेंबर, शनिवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवायचं आहे.

सकाळी नऊला गॅस इंजिनिअर आला. दारातच ओळखपत्र दाखवलं. इथे गॅसच्या कामाला हात लावायचा तर गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव लागतं, आणि कोणकोणत्या कामाची परवानगी आहे ते कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने बॉयलरचं झाकण उतरवलं आणि दाब का पडतो ते दहा मिनिटांत सांगितलं. आत एक लाल डबा असतो, मध्ये रबरी पडदा, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी तापलं की फुगतं आणि त्या फुगण्याला हा डबा जागा देतो. आमच्या डब्याचा पडदा फाटलेला. जागा उरली नाही की दाब ३ बारपर्यंत जातो, मग सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेरच्या भिंतीतल्या तांब्याच्या नळीतून ठिबकून जातं. यंत्रणा गार झाली की काटा तळाला. मला वाटलं, एवढंच असेल तर निभावलं.

मग त्याने मान वर केली. आमचा बॉयलर जिन्याशेजारच्या कपाटात आहे, घराच्या मधोमध. त्याच्या डोक्यावरून फ्लू, म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणारा पाइप, छतात शिरतो आणि थेट मागच्या भिंतीतून बाहेर निघतो. मधलं अंतर छताच्या पोटातून. त्याने विचारलं, "छताला झाकणं कुठे आहेत?" कसली झाकणं, मी विचारलं. तो काही न बोलता आईच्या खोलीत गेला आणि त्या पिवळ्या वर्तुळाखाली उभा राहिला.

त्याने जे सांगितलं ते असं. २००० नंतर बांधलेल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये, आणि काही घरांतही, बॉयलर बाहेरच्या भिंतीपासून लांब बसवले आणि फ्लू छतात दडवले. सांधा निखळला तरी बघायची सोय नाही. २००८ साली लंडनच्या पश्चिमेला एका नव्या फ्लॅटमध्ये अशाच पाइपमधून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू झिरपून एक तरुणी दगावली. त्यानंतर ठरलं की जानेवारी २०१३ पासून, ज्या घरात असा दडलेला फ्लू तपासता येत नाही तिथला बॉयलर 'ॲट रिस्क', म्हणजे धोक्याचा, धरायचा आणि घरमालकाची परवानगी घेऊन बंद करायचा. पाइप तपासायला छतात ठेवायचं झाकण किमान ३०० बाय ३०० मिलिमीटरचं हवं आणि कुठलाही सांधा झाकणापासून दीड मीटरपेक्षा लांब नको. आमचं घर २००४ चं. छताला एकही झाकण नाही.

"सही करा, मी बंद करतो," तो म्हणाला. मी सही केली. त्याने बॉयलरवर इशाऱ्याचं लेबल चिकटवलं आणि एक प्रत माझ्या हातात दिली. आईच्या खोलीत मीटर धरून पाहिलं, आकडा शून्य होता. तो शून्य मी तीनदा बघितला.

आईला मराठीत सांगताना मला 'फ्लू'ला शब्द सापडेना. तीच म्हणाली, "म्हणजे धुराडं." तिच्या माहेरी तांब्याचा बंब होता, मधोमध धुराडं, खाली निखारे. "त्याचा धूर डोळ्यांत गेला की कळायचं," ती म्हणाली, "हा कसा कळणार?"

कळत नाही, हेच तर आहे. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं थकवा आला असेल. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो आपण. चिपळूणच्या घरी बाबा न्हाणीघराची खिडकी कधी लावू द्यायचे नाहीत. आणि मी माझ्या आईला, तिचं वय एकाहत्तर, त्या पाइपाखाली पलंग घालून दिला. खोली छोटी आहे, लवकर ऊब धरेल म्हणून.

दुपारी जाऊन कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म आणले. एक कपाटाबाहेर, एक आईच्या उशाशी. आईचा पलंग मात्र आमच्या खोलीत हलवला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर कागद चाळले. विकणाऱ्याने भरून दिलेल्या माहितीच्या फॉर्मवर प्रश्न आहे, हीटिंग सुस्थितीत आहे का? उत्तर, हो. शेवटची सर्व्हिस कधी? तिथे रेघ. ती रेघ मी खरेदीच्या आधी पाहिली होती. आमच्या सर्व्हेच्या अहवालात बॉयलरबद्दल दोन ओळी आहेत, की पाहणी फक्त डोळ्यांनी केली, यंत्रणा चालवून तपासलेली नाही, गॅस इंजिनिअरकडून तपासून घ्यावी. त्याही वाचल्या होत्या. पण तेव्हा व्याजदर, शाळा, स्टेशनचं अंतर आणि देवघर कुठे मांडायचं याच्यातच जीव अडकला होता. वकिलाला फोन केला. त्या बाईंनी शांतपणे सांगितलं की विकणाऱ्यावर दावा करणं अवघड आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. सात वर्षं आम्ही या देशात भाडेकरू होतो. दर वर्षी माणूस यायचा, गॅस तपासायचा आणि कागद देऊन जायचा. १९९८ च्या नियमांनी घरमालकावर ते बंधनच आहे. ऑक्टोबर २०२२ पासून, बॉयलर असलेल्या खोलीत अलार्म लावणंही त्याच्यावर बंधनकारक झालं. आमच्या भाड्याच्या स्वयंपाकघरात तो छोटा पांढरा डबा भिंतीवर होता, मी त्यावरची धूळ पुसायचे. मग आयुष्यभराची पुंजी घालून स्वतःचं घर घेतलं, आणि विकणाऱ्याला गॅसचा एकही दाखला द्यावा लागला नाही. तोच वायू, तोच पाइप, त्याच खोलीत झोपणारी माणसं. भाड्याच्या घराला दाखला लागतो आणि विकलेल्या घराला लागत नाही, हे मला चुकीचं वाटतं. ज्या दिवशी चाव्या दिल्या जातात त्या दिवशी हा कागद हातात असायला हवा. इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी घर बघत असेल तर मी आता पहिलं हेच सांगते, की खरेदीचा करार पक्का व्हायच्या आधी स्वतःच्या पैशाने गॅस इंजिनिअर पाठवा आणि फ्लू कुठून कुठे जातो ते विचारा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

कडाक्याची थंडी आली. मिडलंड्सकडे बर्फ पडलं म्हणतात. आम्ही चौघं एका खोलीत, विजेचा एक हीटर, आणि आईने आणलेली जुन्या नऊवारींची गोधडी. बाहेर चारला अंधार होतो. सकाळी तीन पातेली पाणी तापतं तेव्हा चौघांची आंघोळ होते. लेक विचारते, आपण चिपळूणला राहायला आलोय का. तिला मजा वाटतेय. आई रात्री पायमोजे घालून झोपते आणि थंडी वाजत नाही म्हणते. तिचे हात मी धरून पाहते, गार असतात.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बाहेर वादळी वारा. तोच इंजिनिअर एका सुताराला घेऊन आला. छताला तीन चौकोन कापले. दुसरा चौकोन पिवळ्या वर्तुळावरच.

शिडीवर चढून मी स्वतः पाहिलं. फ्लू दुहेरी असतो, आतून जळलेला वायू बाहेर जातो, बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते. पाइपाला जागोजागी आधाराच्या पट्ट्या हव्यात. आमच्याकडे पूर्ण लांबीत एक, तीही स्क्रू निसटून लोंबलेली. त्या वजनाने पाइप मध्ये झुकलेला, आणि सांध्याला करंगळी जाईल एवढी फट. काळी रबरी कडी अर्धी बाहेर आलेली. उताराने बॉयलरकडे परत यायला हवं ते वाफेचं पाणी त्या फटीतून छताच्या फळीवर ठिबकत होतं.

ओल तिथून येत होती.

मी खाली उतरले तेव्हा आई दारात उभी होती. "सापडलं?" तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि मला रडू आलं. तिने डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "अगं, मी आहे ना इथे."

बॉयलर नवाच घ्यायचा ठरलं, बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे फ्लू भिंतीतून सरळ बाहेर. हीट पंपासाठी, म्हणजे बाहेरची ऊब ओढून घर तापवणाऱ्या विजेच्या यंत्रासाठी, सरकार इथे ७,५०० पौंड देतं आणि मनातून मला तोच हवा होता, पण पाण्याची टाकी, मोठे रेडिएटर, सगळं जुळेपर्यंत हिवाळा संपेल. आई घरात असताना थांबणं शक्य नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

काल यंत्रणा धुतली. दोन तास काळं पाणी वाहत होतं, मग चहासारखं, मग स्वच्छ. पाइपात एक चुंबक बसवलाय, उरलासुरला गाळ धरायला. आज नवा बॉयलर पेटला. इंजिनिअरने फ्लूमध्ये नळी घालून आकडे घेतले, कागद भरला, सही केली.

काटा १.३ वर. सकाळपासून हललेला नाही.

आईने रेडिएटरला तळाशी हात लावून पाहिला, मग वर, मग परत तळाशी. मग तिची गोधडी त्यावर पसरली. संध्याकाळी उटण्याचं उरलेलं पाकीट काढलं आणि लेकीला बोलावलं. तिथी उलटून महिना झाला, पण आईला ती अर्धवट राहिलेली आंघोळ पुरी करायची होती. न्हाणीघराबाहेर आम्ही दोघं कान देऊन उभे. पाणी वीस मिनिटं गरम राहिलं.

आईच्या खोलीत अजून पलंग हलवलेला नाही, उद्या हलवू. छतातला तो जुना पाइप काढून टाकलाय. नव्या कालनिर्णयाच्या नोव्हेंबर २०२५ च्या पानावर मी बॉयलरच्या सर्व्हिसची तारीख लाल पेनाने लिहून ठेवली आहे.