हेडफोनमधला प्रश्न

नाशिकमध्ये शाळकरी मुलांचे समुपदेशन करताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे. घरी मार बसतो का, कोणी नकोसा स्पर्श केला का, असे विचारले की मूल आधी माझा चेहरा वाचते, आणि माझी भुवई किंचित हलली तरी ओठांवर आलेले वाक्य गिळून टाकते. म्हणूनच, हेडफोनवर प्रश्न ऐकून पडद्यावर बोटाने उत्तर देण्याची पद्धत मला मोलाची वाटते. शेजारच्याला काही ऐकू येत नाही आणि वाचता न येणारे मूलही अडत नाही. अमेरिकेतील 15 ते 19 वर्षांच्या मुलग्यांनी हिंसा, अमली पदार्थ आणि लैंगिक वर्तनाविषयी कागदापेक्षा संगणकावर कितीतरी अधिक मोकळेपणाने सांगितल्याचे 1998 साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. तिथले प्रश्न त्यांच्या स्वतःच्या वागण्याविषयी होते. सोसलेल्या अत्याचाराविषयी बोलणे त्याहून अवघड असते.

तो आवाजही मुलाच्या ओळखीच्या भाषेतला हवा. सटाणा-कळवणकडच्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या लहान मुलाला ‘शारीरिक छळ’ म्हणजे काय ते उमगत नाही, ‘पट्ट्याने मारले का’ हे लगेच कळते.

मात्र पडद्यावरची खूण म्हणजे जबाब नव्हे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 24 नुसार पोलीस अधिकाऱ्याने मुलाचा जबाब गणवेश न घालता, त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, आणि तिथे ‘काय झाले ते सांग’ एवढेच विचारून थांबणारा माणूस लागतो.

मला खरी काळजी त्याआधीच्या क्षणाची आहे. कलम 19 प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या व्यक्तीला ती पोलिसांना कळवावीच लागते. मुलाचे नाव न नोंदवता विचारले, तर होकार देणाऱ्या मुलापर्यंत आपण पोहोचणार कसे? नाव नोंदवून विचारले, तर ‘हे कोणालाही कळणार नाही’ असे आश्वासन देणे ही त्या मुलाची फसवणूक ठरते, आणि एकदा फसलेले मूल पुन्हा कोणापाशी बोलेल याची मला खात्री वाटत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाआधी हेडफोनमध्ये एवढे तरी ऐकू यावे, असा माझा आग्रह आहे: ‘नको असलेला प्रश्न तू सोडू शकतोस. तुला कोणी त्रास दिल्याचे कळले, तर आम्हाला ते सांगावे लागेल, आणि कोणाला सांगणार ते आधी तुला सांगू. ताई दाराशीच बसली आहे.’